गुंगीतला होकार

आमच्या बाबांनी आयुष्यात एकाही प्रश्नाचं उत्तर लगेच दिलेलं नाही. "विचार करून सांगतो," हेच त्यांचं उत्तर. आईने एकदा ऐन एप्रिलात कूलर घ्यायचा विषय काढला. बाबा विचारात पडले, आणि कूलर घरी आला तो दिवाळीच्या फराळाबरोबर. आई बिचारी त्याच्यावर चकल्यांचे डबे ठेवायची. आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण तो कूलर अजून आहे आणि बाबांची सवयही आहे.

दोष थोडा नोकरीचाही होता. बाबा अमरावतीच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. त्यांचं एक व्याख्यान एवढं गाजलेलं होतं की कॉमर्सची पोरंसुद्धा मागच्या बाकावर येऊन बसायची. बाबा म्हणायचे, सगळ्यावर शंका घ्या. हा बाक खरा कशावरून? ही भिंत? आपले प्राचार्य? प्राचार्यांवर शंका घ्यायला पोरं एका पायावर तयार असत. असं सगळं उडवून लावलं की बाबा थांबायचे, हातातला खडू स्वतःच्या कपाळावर टकटक वाजवायचे आणि विचारायचे, "पण शंका घेतो आहे कोण? विचार चालू आहे ना? मग विचार करणारा आत असलाच पाहिजे. तो मी! बाकी सगळं खोटं निघालं तरी मी आहे!" संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या कपाळावर पांढरा ठिपका असायचा. मी लहानपणी समजायचे, बाबा येताना देवळात जाऊन येतात. खरं तर बाबा देवळाच्या रस्त्यानेही जात नसत.

मूळचे ते हिवरखेडचे, कुणब्याच्या शेतकरी घरातले. पण कॉलेजात लागल्यापासून त्यांनी पुस्तकी भाषा अंगात भिनवून घेतली होती. दूधवाल्यालाही ते विचारायचे, "आज दूध किंचित पातळ आहे का हो?" तो म्हणायचा, "किंचित कायले सर, चांगलंच पातळ आहे." मी त्यांच्या तोंडून वऱ्हाडी शब्द कधी ऐकला नव्हता. सख्ख्या बहिणीशीही ते असे बोलायचे, जणू समोर वर्ग भरला आहे.

मी राजापेठेत एका क्लासमध्ये गणित शिकवते. तिथेच अकोल्याचा एक मुलगा फिजिक्स शिकवायचा. माझं गणित संपलं की त्याच फळ्यावर त्याचा तास. मी मुद्दाम फळा न पुसता जायचे आणि तो मुद्दाम तक्रार करायला यायचा. पुढे तो अकोल्याला एका तंत्रनिकेतनात नोकरीला लागला, तोवर आमचं ठरून गेलं होतं. एका दिवाळीत मी बाबांना सांगितलं. बाबांनी शिक्षण विचारलं, नोकरी विचारली, आईवडील विचारले. घर बौद्ध आहे हे कळल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "विचार करून सांगतो."

संक्रांत गेली, होळी गेली. एप्रिलात जयंतीच्या कार्यक्रमात बाबांचं दरवर्षीप्रमाणे समतेवर भाषण झालं, दरवर्षीप्रमाणे उत्तम झालं. हा अकोल्याचा मुलगा कॉलेजात असताना ते भाषण ऐकायला यायचा. पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या त्याने. मी घरी आल्यावर विचारलं, "बाबा, झाला का विचार?" ते म्हणाले, "चालू आहे." दुसरी दिवाळी आली. विचार चालूच होता. पातेलं चुलीवर चढवायचं, झाकण ठेवायचं आणि खाली जाळच लावायचा नाही, असला तो विचार होता. मला राग यायचा, आणि त्याहून जास्त रडू यायचं, कारण बाबा नाही म्हणाले असते तर मी भांडले तरी असते.

त्या मानाने आत्या बरी. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, हिवरखेडलाच दिलेली; बाबा तिला 'बाई' म्हणतात. तिने पहिल्याच दिवशी फोनवर सांगून टाकलं, "जातीबाहेर? माह्या जिवात जीव आहे तवरोक नाही." तिच्यावर रीतसर रागावता यायचं.

मग बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. निघालं म्हणजे तेही त्यांच्या विचारामुळे लांबलं होतं. शेवटी डॉक्टरच म्हणाले, सर, आता विचार पुरे. आत्या हिवरखेडहून आली, सोबत पिशवीभर कुरोड्या आणि औषधाच्या नावाखाली तुपाचा डबा.

ऑपरेशन नीट झालं. बाबांना खोलीत आणलं तेव्हा ते अर्धवट गुंगीत होते. सिस्टर म्हणाल्या, "यांना बोलतं ठेवा, गाढ झोपू देऊ नका." आत्याने हे काम स्वतःकडे घेतलं. पदर खोचला, खुर्ची पलंगाला लावली आणि बाबांच्या कानाशी ओरडली, "भाऊ, मी कोन?"

"तू बाई."

"आन हे कोन?"

"माही पोरगी."

मी चमकले. 'माही'? बाबा? आत्याच्याही डोळ्यांत चमक आली, पण ती वेगळी होती. मला वाटतं, तिला इथे माझ्यादेखत एक पक्का नकार वसूल करून घ्यायचा होता. ती आणखी जवळ सरकली. "मंग हिच्या लग्नाचं काय करतं? त्या अकोल्याच्या पोट्ट्याचं?"

बाबांनी डोळे न उघडता, स्वच्छ आवाजात सांगितलं, "करून दे ना बाप्पा. पोट्टा चांगला आहे. मी कावून अडवून बसलो, मलेच समजत नाही." मग थोड्या वेळाने, दह्यातल्या वड्याची आठवण होऊन, "गिला वडा आन." आणि घोरायला लागले.

मी आत्याकडे पाहिलं. जात्यात बोट सापडल्यासारखं तिचं तोंड झालं होतं.

इथे आत्याच्या सासूबद्दल सांगायला हवं. त्या म्हातारीच्या अंगात यायचं. अंगात आल्यावर ती जे बोलेल ते घरादारावर बंधनकारक. एकदा ती घुमत घुमत म्हणाली, मागचं दार बुजवा. का, ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. पण दार बुजवलं ते बुजवलंच. आज इतकी वर्षं झाली, आत्याच्या घरची माणसं मागच्या गोठ्यात जायला पुढच्या दाराने निघून, गल्लीला वळसा घालून जातात. धारेचं दूध वळसा घालून घरात येतं. एवढी वर्षं तो वळसा पायाखाली घातलेली बाई, शुद्धीत नसलेल्या माणसाचा शब्द मोडणार कशी?

शेवटी मोठ्ठा सुस्कारा टाकून ती मला म्हणाली, "मले पटलं नाही, पोरी. पन शब्द तं झाला."

दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणारी मंडळी सुरू झाली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला एकेकट्याने कोणी येत नाही, गाडी भरून येतात. बार्शीटाकळीहून आले, हिवरखेडहून आले, सोबत नारळपाणी आणि बिस्किटांचे पुडे. पलंगाभोवती बसून एकच प्रश्न, "कसं काय झालं मंग?" आत्या पहिल्यापासून सगळं सांगायची. उपाशी पोट, सलाईन, आत नेलं, बाहेर आणलं, आणि मग तो शब्द. गाळायची नाही. ऐकलेलं लपवलं की जीभ झडते, हे तिचं ठाम मत. गिल्या वड्यासकट सगळं सांगून वर म्हणायची, "मले पटलं नाही बरं." बाबा पांघरुणात तोंड घालून झोपेचं सोंग घ्यायचे.

बाबांना घरी आणलं, आणि मंडळी गेल्यावर त्यांनी विषय काढला. एव्हाना त्यांची पुस्तकी भाषा परत आली होती.

"बाई, हे तू थांबव. ते वाक्य माझं नव्हे."

"मंग कोनाचं?"

"हे बघ. त्या वेळी माझ्या मनात कुठलाही विचार चालू नव्हता. विचारच नाही तर विचार करणारा नाही. म्हणजे मी तिथे नव्हतोच. तेव्हा जे बोललं ते मी नव्हे."

आत्याने तूप घालून मऊ केलेला भात त्यांच्यापुढे ठेवला आणि शांतपणे विचारलं, "म्हंजे तुह्या अंगात आलं होतं?"

बाबांचा घास हातातच राहिला. या माणसाने उभं आयुष्य अंगात येण्याविरुद्ध भाषणं दिली होती. आत्याच्या सासूसमोर, तिच्याच ओसरीवर उभं राहून दिलं होतं एक. म्हातारीने त्यांना हळद-कुंकू फेकून मारलं होतं.

"अंगात वगैरे काही येत नसतं, बाई."

"मंग तूच होता."

"मी नव्हतो!"

"मंग आलं होतं."

मला गणितात एवढी सुंदर कोंडी क्वचितच पाहायला मिळाली आहे. मी कुरोडी खात खात म्हणाले, "बाबा, दोनच शक्यता आहेत. एक तुम्ही निवडा."

बाबांनी दिवसभर विचार केला. खरंच केला असावा, कारण संध्याकाळी तिसरी शक्यता घेऊनच बसले. "कोणीच बोललं नाही. ते औषध बोललं."

आत्या म्हणाली, "औषधाले काय मालूम पोट्टा चांगला आहे म्हनून?"

यावर बाबांनी चष्मा काढून पुसला. पण 'विचार करून सांगतो' म्हणाले नाहीत. आमच्या घरात ते वाक्य बोलण्याची सोय आता उरली नव्हती.

टाके सुकले आणि आत्याने फर्मान काढलं. शब्द दिला आहे तर मुलाचं घर पाहायला जावं लागतं, रीत आहे. मे महिना होता. अकोल्याच्या मे महिन्यात माणूस दुपारी घराबाहेर पडतो तो फक्त मयतीला. बाबा तरीही तयार झाले, आणि का तयार झाले ते त्यांनी बसस्टँडवर मला सांगितलं. "गैरसमज समोरासमोर दूर केलेला बरा. ते वाक्य माझं नव्हतं हे मी त्यांना समजावून सांगणार आहे." बाबांना वजन उचलायची मनाई होती, म्हणून पिशवी घेऊन मी सोबत होते. माझ्याच लग्नाचा नकार पोचवायला मी हमाल म्हणून निघाले होते.

आत्याने त्या घरचं पाणी प्यायला नको म्हणून घरून मोठी बाटली भरून घेतली होती. मूर्तिजापूर यायच्या आत ती संपली.

मुलाचे वडील पोस्टातून निवृत्त झालेले, आई शाळेत मुख्याध्यापिका होती. घर लहान, स्वच्छ. कूलर गरगरत होता. त्याच्यासमोरची जागा आम्हाला दिली. मुलगा दारात उभा होता, क्लासमध्ये फळ्याची तक्रार करायला यायचा तसाच, फक्त आज हसत नव्हता.

बाबा पाणी प्यायले, त्यांनी घसा खाकरला आणि व्याख्यान सुरू केलं. विचार, विचार करणारा, गुंगी, औषध. सगळं क्रमाने. मुलाचे वडील मान हलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "एकदम बरोबर, सर."

बाबा थक्क. महिन्याभरात त्यांच्याशी सहमत झालेला हा पहिला माणूस.

"आमच्या धम्मात हेच सांगतात," मुलाचे वडील म्हणाले. "बोलणं झालं, पण बोलणारा कोणी नव्हता. फक्त सर, ते गुंगीपुरतंच कावून धरता? आताही तसंच आहे. विचार येऊन राहिले, जाऊन राहिले. मालक म्हणून आत कोणी बसलेला नाही. मंग होकार तुमचा नाही, मान्य. पन नकार तरी कोनाचा?"

बाबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी त्यांच्या निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं. आनंद! "नाही, नाही. इथेच चूक होते तुमची. विचार येतात म्हणता, पण कोणाला येतात?"

"पाऊस येते सर. कोनाले येते?"

"वा! पण पावसाला आपण पडतोय हे कळतं का?"

झालं. दोघेही रंगात आले. एक म्हणतो आत मी आहे, दुसरा म्हणतो आत कोणी नाही. आणि त्या दोघांच्या मधोमध, स्टुलावर, मी आहे की नाही याची चौकशी करायला कोणाला सवड नव्हती. मला वाटलं, हे दोघे असेच दर उन्हाळ्यात भेटतील, जिवलग मित्र होतील आणि माझं लग्न राहून जाईल. आत्या पदराने वारा घेत होती. तो दारातून माझ्याकडे पाहत होता. मी मान खाली घातली, कारण डोळे भरले होते.

तेवढ्यात लाइन गेली. कूलर घरघरून थांबला.

अकोल्यात मे महिन्यात दुपारी लाइन गेली की विचार वगैरे सगळं मिनिटात आटतं. दोघांचा वाद तिथेच तुटला. घाम निथळायला लागला. मुलाची आई आतून पन्ह्याचे पेले घेऊन आली. आत्याने पेल्याकडे पाहिलं, आपल्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं आणि पेला उचलून एका दमात संपवला. "गूळ कमी झाला," म्हणाली, आणि दुसरा घेतला.

मुलाची आई बाबांसमोर बसली. आवाज चढवला नाही तिने.

"भाऊ, तुमी कायचा विचार करून राहिले ते आमाले ठाऊक आहे. आमी लहानपणापासून पाहून राहिलो तो विचार. नाही म्हनाचं असन तं नाही म्हना, आमाले सवय आहे. पन हे पोरं दीड वर्षापासून टांगून आहेत. नाहीले विचार म्हनू नका."

बाबांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल काढला, पण पुसला नाही, तसाच हातात धरून बसले. कपाळावरून घाम ओघळत होता, जिथे पूर्वी खडूचा ठिपका असायचा तिथून. मला त्यांची दया आली. एवढा राग होता, तरी आली.

"मी भेत होतो," बाबा म्हणाले.

तोच आवाज. पलंगावरचा. पण डोळे उघडे होते.

"हिवरखेडचे लोक काय म्हनतीन, भाऊबंद काय म्हनतीन, हेच भेव. विचार-बिचार काही चालू नव्हता. पोरगी विचारे तं म्हनो, चालू आहे. आत जाऊन पाहो तं काहीच नसे. नुसतं भेव बसून असे." त्यांनी दाराकडे पाहिलं. "हा पोट्टा माह्या भाषणाले पुढच्या रांगेत बसे. मी ओळखलं होतं याले, पोरीनं नाव सांगितलं त्याच दिवशी."

आत्या म्हणाली, "मंग आता?"

"मंग काय. करून टाकू लग्न."

आत्या खुर्चीवरून पुढे वाकली. तिला यावेळी पक्कं करून घ्यायचं होतं. बोट रोखून तिने विचारलं, "आता कोन बोललं?"

"मी बोललो, बाई. मीच."

मुलाचे वडील हळूच म्हणाले, "सर, ते 'मीच' जे म्हटलं तुमी, त्याच्यावर जरा..."

"तुमी गप राहा," त्यांची बायको म्हणाली.

मी स्टुलावरून उठले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन रडले. तो मागोमाग आला आणि काय करावं न सुचून त्याने मला पन्ह्याचा पेला दिला. गूळ खरंच कमी होता. बाहेर लाइन आली, कूलर सुरू झाला आणि त्याबरोबर दोघा बापांचे आवाजही पुन्हा सुरू झाले.

परतीच्या एसटीत बसलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आत्या आणि बाबा एका सीटवर, मी पिशवी मांडीवर घेऊन त्यांच्या मागे. बोरगाव मागे पडलं तसे बाबांचे डोळे मिटले, मान एका बाजूला कलली. आत्या एकदम सावध झाली. हळूच वाकली आणि तिने आपला कान बाबांच्या तोंडाजवळ नेला.

मी पुढे झुकून विचारलं, "आत्या, काय करून राहिली?"

"ऐकून राहिली," ती कुजबुजली. "झोपेत काही उलटं बोलला तं? मंग कोनता शब्द धराचा?"

"झोपलो नाही मी, बाई," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "विचार करून राहिलो."

आत्याने विचारलं, "आता कायचा?"

"मांडव कुठी टाकाचा त्याचा. हिवरखेडले टाकू. सगळ्यायच्या समोर."